धाकूबुवांच्या रेकॉर्डचं उत्तर

धाकू,

तू गेल्यापासून आमच्या लालबागच्या गल्लीत दुपारच्या वेळी तुझी रेकॉर्ड एकदम दोन ठिकाणी वाजते. एक समोरच्या चाळीत वरच्या माळ्यावर, दुसरी कोपऱ्यावरच्या चहाच्या हॉटेलात. दोघांनी सुई बरोबर एका वेळी ठेवायची असं काही ठरलेलं नसतं, त्यामुळे एक धाकू पुढे असतो आणि दुसरा त्याच्या मागून चालत येत असतो. मी पहिल्या पाळीवरून घरी येऊन, जेवून चटईवर पडलेला असतो. डोळा लागतो न लागतो तोच मला वाटतं, तू आणि तूच समोरासमोर बसला आहात. एक गातोय, दुसरा उत्तर देतोय. मग अर्धवट झोपेतच मला राग येतो. तुझ्यासमोर बसायचा मान माझा आहे.

तुझं तेरावं झालं आणि मंडळाने तुझ्या आठवणींचा छोटासा अंक काढायचं ठरवलं. लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी मिलच्या टाइम-ऑफिसात बसतो, म्हणजे मला लिहिता येतं अशी सगळ्यांची समजूत आहे. तुझं गाव, तुझे गुरू, तू कुठल्या साली मुंबईत आलास, ते दुसरं कोणीतरी लिहील. मला तुझ्याशी बोलायचं आहे. फक्त अंक गिरगावातही जाणार आहे, म्हणून तिकडच्या मंडळींसाठी थोडं सांगतो, तू कंटाळू नकोस. डबलबारी म्हणजे समोरासमोर दोन सतरंज्या, दोन पेट्या, दोन भजनी मंडळं. एक बुवा आपल्या झांजकऱ्यांना घेऊन अभंग म्हणतो, गवळण म्हणतो, गजर करतो. ती त्याची बारी. तोवर समोरच्याने गप्प बसून ऐकायचं. मग समोरच्याची बारी, आणि तिच्यात पहिल्याला उत्तर. आपण दोघं कितीतरी वर्षं असे समोरासमोर बसलो. सतरंजीवर एकमेकांची सालटी काढली आणि खाली उतरल्यावर एकाच बशीतून चहा प्यायलो. तुझी बायको, आमची वैनी, म्हणायची, "तुमचा भांडाण बघूक माणसा येतत, गाणा कोण ऐकता?"

या भांडणाला एक कायदा होता. समोरच्या बुवाच्या गाण्याबद्दल तोंडाने बोलायचं नाही. चांगलं नाही, वाईटही नाही. आवडलं असेल तर त्याच्या वरचढ गाऊन दाखव, नसेल आवडलं तरीही गाऊनच दाखव. बारीचं उत्तर बारीत. हा कायदा कोणी केला ते आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि आपणही कोणाला विचारलं नाही. तुझी एखादी गवळण ऐकून मी घरी येऊन जेवलो नसेन, पण तुला ते कधी कळू दिलं नाही.

परळच्या त्या पूजेला तुझा गळा गेला, ती संध्याकाळ मला अजून धुक्यातल्यासारखी दिसते. मांडवात उदबत्तीचा धूर होता, गॅसबत्त्या नुकत्याच पेटवल्या होत्या आणि तुझा गजर टिपेला पोचला होता. गिरणीच्या साचेखात्यात मागांच्या खडखडाटावर मात करून हाका मारायची सवय असलेला तुझा आवाज, तो मांडवाबाहेर चिवडा गल्लीपर्यंत ऐकू जायचा. आणि ताण धरलेलं कापड फाटावं तसा तो मधोमध फाटला. गंमत अशी की ते कोणाला कळलंच नाही. झांजा जोरात होत्या, पखवाज जोरात होता, तुझं तोंड हलत होतं, माना डोलत होत्या. मी समोर होतो म्हणून मला दिसलं की तुझ्या तोंडातून काही येत नाही. तू माझ्याकडे पाहिलंस. मग पेटीचा भाता हळूच मिटलास आणि उठलास.

लोक म्हणाले, बाबलबुवाने धाकूबुवाला बसवला. मी कुठे बसवला? माझी बारी तर अजून यायची होती. न लढता मिळालेली ती जीत मी आजवर अंगाला लावून घेतलेली नाही, आणि कोणी तिचा विषय काढला की मी त्या माणसाशी चांगलं वागत नाही.

त्यानंतर तू गाणं सोडलंस. आणि नेमक्या त्याच वर्षांत सगळं गिरणगाव घसा ताणून ओरडायला लागलं. मैदानात सभा, नाक्यावर सभा, चाळीच्या पटांगणात शाहीर, सकाळी प्रभातफेरी. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, असं चार वर्षांचं पोरही म्हणायचं. ज्याचा आवाज सगळ्यांत मोठा तो धाकूबुवा तेवढा मुका. सभेला मात्र तू कधी चुकला नाहीस. मागे कंपाउंडच्या भिंतीला टेकून उभा असायचास, मूठ वर, तोंड उघडं, आवाज शून्य. मी एकदा म्हटलं, "धाकू, तुझी घोषणा दिल्लीत पोचली हां." तू हसलास. हसण्यालाही आवाज नव्हता. तुझी पेटी तेव्हा खाटेखाली जुन्या धोतरात बांधून ठेवलेली होती, आणि वैनी केर काढताना तिच्याभोवतीनं केरसुणी फिरवायची.

गिरगावच्या फणसवाडीचे दादासाहेब आले नसते तर ती तिथेच राहिली असती. जुन्या मुंबईकर घराण्यातले, वाडवडिलांच्या वाड्या होत्या असे हे गृहस्थ, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट घालून आपल्या बाऱ्या ऐकायला लालबागला यायचे आणि चटईवर बसायला कधी लाजले नाहीत. तू गात नाहीस हे कळल्यावर चौकशीला म्हणून ते तुझ्या खोलीवर आले. तू नातीला मांडीवर झोपवत होतास. दार उघडंच होतं. ते उंबऱ्याबाहेर कितीतरी वेळ उभे राहिले आणि तुला पत्ता नव्हता. तुझ्या गळ्यातून जे येत होतं ते गाणं आहे हे तुलाही माहीत नव्हतं. खालच्या पट्टीतलं, खर्जाच्या जवळचं, थोडं खरखरीत, जुनं घोंगडं अंगावर घेतल्यासारखं. दादासाहेबांनी रेकॉर्ड कंपनीत शब्द टाकला, आणि तू नाही नाही म्हणत असताना तुला टॅक्सीत घातलं.

मीही आलो होतो. तुझ्या मंडळाचे लोक पण होते, वरळीच्या बीडीडी चाळीतला गंगाराम होता, जो तुझ्या डाव्या हाताला बसून आयुष्यभर झांज वाजवत आला. कंपनीच्या माणसाने झांजा बघितल्या आणि म्हणाला, "ये सब बाहर." इतका आवाज त्याच्या यंत्राला सोसत नव्हता. झांजकरी बाहेर, कोरस बाहेर. आत तू, तुझी पेटी आणि एक पखवाज. आम्ही सगळे काचेच्या अलीकडे, बाकावर. मधली काच जाड होती आणि तिच्यापलीकडे तू पाण्यात बसल्यासारखा दिसत होतास; तुझा आवाज मात्र आमच्या बाजूच्या कर्ण्यातून येत होता.

गाणं तुझंच होतं. 'दार लोटू नको गं माये, कुणी अजून यायचं आहे.' आपल्यात बुवा अर्धी ओळ म्हणतो आणि उरलेली अर्धी मंडळ उचलतं. इतकी वर्षं तू 'दार लोटू नको गं माये' म्हणून सोडून द्यायचास आणि पुढचं गंगाराम आणि मंडळी झेलायची. आतही तू तेच केलंस. अर्धी ओळ म्हटलीस, डोळे मिटलेस, मान डावीकडे वळवलीस आणि थांबलास. पेटीचा एक सूर धरलेला, पखवाज हलक्या हाताने चालू. डावीकडे भिंत होती. काचेच्या अलीकडे गंगारामने तोंड उघडून उरलेली अर्धी ओळ खणखणीत म्हटली, आणि ती तुला ऐकू गेली नाही. तू मात्र ऐकू आल्यासारखी मान डोलावलीस आणि पुढच्या ओळीला गेलास. कडव्याकडव्याला तसंच. मला वाटलं आता थांबवतील, पुन्हा घ्यायला लावतील. कंपनीचा माणूस बाहेर आला तो खूश होता. "क्या ठहराव है," म्हणाला.

अशी तुझी रेकॉर्ड बाजारात आली. अर्धं गाणं असलेली.

लालबागने ती आधी परतच नेली. दोघं-तिघं गिरगावातल्या दुकानात जाऊन भांडून आले की आमची रेकॉर्ड खराब निघाली, बुवा मध्येच गप्प होतो. दुकानदाराने दुसरी लावून दाखवली, तीही तिथेच गप्प. मग कोपऱ्यावरच्या हॉटेलात चर्चा सुरू झाली. मी चहा पुढ्यात घेऊन गंमत ऐकत बसायचो.

"बुवा मधीच झोपलो काय रे?"

"आवाज खय गेलो तेचो? आमच्या येळेक हयसून भायखळ्यापर्यंत ऐकाक येय."

"अरे, हय मुंबय आपली ऱ्हवतली की जातली ता कळना नाय, आणि ह्यो सांगता दार लोटू नको! गजर व्हयो होतो, गजर!"

हे शेवटचं तुला फार लागलं, मला माहीत आहे. दिवस तसेच होते. प्रत्येकाला वाटत होतं की धाकूबुवा परत येणार तो वीज कोसळल्यासारखा येणार. इतकी वर्षं गप्प बसलेला माणूस, त्याच्या पोटात किती साठलं असेल! आणि तू आलास तो कोणी झोपलेलं जागं होऊ नये अशा पावलांनी. गिरणीतला एक म्हातारा जॉबर, म्हणजे मुकादम, तुझ्या तरुणपणापासूनचा ऐकणारा, त्याने रेकॉर्ड एकदाच ऐकली आणि म्हणाला, पुन्हा नको. कानात जुना आवाज आहे तो पुसून टाकायचा नाही मला. त्या माणसाला काय उत्तर द्यायचं? मी त्याला चहा पाजला.

नळावरच्या बायकांचं मत वेगळं. एकीने वैनीला सांगितलं की आमचं पोर दुसऱ्या कशाने झोपत नाही, तुमच्या बुवांची रेकॉर्ड लावली की झोपतं. वैनीने ते मोठ्या कौतुकाने तुला सांगितलं, आणि तू दोन दिवस तिच्याशी बोलला नाहीस. "मी काय अंगाई म्हटलंय?" असं मला मात्र रस्त्यात गाठून विचारलंस.

फणसवाडीत दादासाहेबांनी तुझ्यासाठी मुद्दाम माणसं जमवली. आपण दोघं गेलो होतो, तू इस्त्रीचा सदरा घालून. खुर्च्या मांडलेल्या, खिडकीत तुळस, फोनोला लेसचं फडकं. रेकॉर्ड वाजली तेव्हा कोणी मांडीवर ताल धरला नाही की कोणी मान हलवली नाही. संपल्यावर एक चष्मेवाले गृहस्थ बराच वेळ छताकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ती रिकामी जागा... ती रिकामी जागा म्हणजे साक्षात निर्गुण." बाकीच्यांनी हं केलं. मला हसू आवरेना म्हणून मी चिवड्याच्या बशीत तोंड घातलं. आपण चालत ठाकुरद्वारपर्यंत आलो. मग एकदम थांबून विचारलंस, "बाबल, निर्गुण म्हणजे चांगला काय रे?"

मी म्हटलं, "चांगलाच असतला. नायतर चिवडो दिलो नसतो."

त्या रात्री नाही, पण पुढे कितीदा तरी मला ते आठवून हसू आलं आहे, आणि हल्ली हसता हसता माझा चष्मा ओला होतो.

गंगारामने काही मत दिलं नाही. त्याला विचारलं तर तो तंबाखू मळत बसायचा. पण त्याने रेकॉर्ड विकत घेतली, फोनो कोणाकडून तरी मागून आणला, आणि एका रविवारी आम्हाला कळलं की वरळीला त्यांच्या माळ्यावर रोज काय चालतं. आपण बघायला गेलो. मधल्या लांब बोळात फोनो ठेवलेला, दोन्ही बाजूंना खोल्यांच्या दारात माणसं. तू म्हणतोस, 'दार लोटू नको गं माये', आणि थांबतोस, आणि सगळा माळा झांजांसकट उचलतो, 'कुणी अजून यायचं आहे'. बायका भाकऱ्या थापता थापता म्हणत होत्या. मग तू पुढची ओळ घेतोस, जशी काही यांचं ऐकूनच. आपण जिन्यात उभे होतो. तुला पुढे व्हायचा धीर झाला नाही. तू कठडा धरलास आणि हसलास, आणि या वेळी हसण्याला आवाज होता. त्या जिन्यात संध्याकाळचं तांबडं ऊन तिरपं येत होतं आणि तुझे पांढरे केस त्यात पेटल्यासारखे दिसत होते. तेव्हाचा तू मला हवा आहेस. बाकी कुठलाही नाही मिळाला तरी चालेल.

तिथून निघून आपण प्रभादेवीला समुद्रावर जाऊन बसलो. आणि तिथे आपलं ते भांडण सुरू झालं, जे आता असंच राहणार. मी म्हटलं, "काय पण म्हण, तू चुकलंस. सवयीन थांबलंस."

"चुकाक नाय. ती जागा मी सोडली."

"कोणासाठी सोडलंस? हे वरळीचे गातले, ह्या तुका काय म्हायत?"

"म्हायत नव्हता. म्हणानच सोडली."

भरती होती. पाणी दगडांत येऊन फुगायचं आणि परत जायचं. मला अजूनही वाटतं की तू चुकला होतास. आयुष्यभर चार माणसांबरोबर ओळ वाटून घेतलेल्या माणसालाच अशी चूक जमते, एकट्याने गाणाऱ्या गवयाला ती कधी जमणार नाही. आणि तू ती चूक मान्य न करता मेलास. तुझ्या स्वभावाला धरूनच झालं.

मग तू तो प्रश्न विचारलास. समुद्राकडे बघत, माझ्याकडे नाही.

"सगळ्यांनी सांगल्यानी. तुका कशी वाटली?"

धाकू, मला माहीत होतं की तू हे विचारणार. रेकॉर्ड आल्यापासून तुझ्या ओठांवर होतं. हॉटेलवाल्यांनी नावं ठेवली, फणसवाडीने डोक्यावर घेतलं, त्यातल्या कशानेही तुझं ठरत नव्हतं. तू अजून बुवा आहेस की नाही हे तुला एकाच माणसाकडून कळणार होतं, आणि तो माणूस तुझ्याशेजारी बसून शेंगा सोलत होता. मी म्हटलं, "माका काय इचारतंस? बारीचा उत्तर बारीत."

आपण अंधार पडेपर्यंत बसलो आणि नेहमीसारखे परत आलो.

मी असं का म्हटलं हे तुला कळलं होतं का? तू गेल्यापासून मी या एका गोष्टीवरून तळमळतो आहे. चांगली झाली रे, असं म्हणायला माझं काय जात होतं? पण ते मी कोणाला म्हणतो? आजाऱ्याला म्हणतो, निवृत्त झालेल्याला म्हणतो. दादासाहेबांनी म्हटलं तर शोभतं, ते ऐकणारे आहेत. मी तुझ्यासमोर बसणारा आहे. मी तुझी पाठ थोपटली असती तर त्याचा अर्थ असा झाला असता की तुझी सतरंजी आता गुंडाळली. उत्तर देईन म्हणालो याचा अर्थ होता, तू आहेस. अजून समोर आहेस. पण हे सगळं माझ्या मनात होतं, आणि तुझ्या वाट्याला आलं ते एक तुटक वाक्य आणि शेंगांची टरफलं.

मग महाराष्ट्र झाला. मुंबईसकट झाला. चाळींना दिव्यांच्या माळा लागल्या, अनोळखी माणसं एकमेकांना पेढे भरवत होती, आणि तू तुझ्या माळ्याच्या गॅलरीत उभा राहून घोषणा देत होतास. या वेळी खालच्या पट्टीतली का होईना, पण ऐकू येणारी. त्या भरातच मंडळांनी ठरवलं की दिवाळी झाली की लालबागला बाबलबुवा आणि धाकूबुवांची बारी. मी तुझ्याकडे बघितलं. तू मान डोलावलीस. मी मनात माझं उत्तर जुळवायला घेतलं, आणि सांगतो, ते चांगलं जुळत होतं.

दसऱ्याच्या आधीच तू निघून गेलास.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर वैनी माझ्यासमोर येऊन बसली. रडत नव्हती. खाटेखाली हात घालून तिने पेटी पुढे ओढली. धोतर सोडलेलं होतं. भात्यावरची धूळ पुसलेली, आणि खालच्या सप्तकातल्या पट्ट्या बोटांनी चकचकीत झालेल्या.

"परबादेवीहून इले त्या दिसा," ती म्हणाली, "आणि इल्या इल्या परत पेटी काढल्यानी. माका म्हणाक लागले, बाबलान बारी दिल्यान. मगे रोज सांजचे बसत. गायत आणि माका इचारत, ह्या बाबलाक उत्तर होयत काय?"

मी विचारलं, "तो खूश होतो काय गो?"

वैनीने थोडा विचार केला. "खूश खयचे? घाबरले होते तुमका. अन्न गोड लागना नाय."

धाकू, तू मला घाबरला होतास! अरे, कंपनीचा माणूस, फणसवाडीचा चष्मा, कोपऱ्यावरचं हॉटेल, या कोणालाच तू घाबरला नाहीस. माझ्या उत्तराला घाबरून तू रोज संध्याकाळी पेटी काढत होतास. मी तिथे बसल्या जागी रडलो. मला इतका मान कोणी दिला नाही, आणि तू तो मला न सांगता दिलास, जसा मी तुला दिला तसाच. दोघंही कायद्याचे पक्के. आता वाटतं, एकाने तरी कायदा मोडायला हवा होता.

आता मंडळासमोर प्रश्न आहे की ठरलेल्या बारीचं काय करायचं. परवा बैठक झाली. एकाने सुचवलं, समोर परळचे ते नवे बुवा बसवू, आवाज फार वर जातो त्यांचा. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो पाणी प्यायला उठला. दुसरा म्हणाला, तुम्ही एकटेच गा, श्रद्धांजली म्हणून. तिसऱ्याने तर कमाल केली. म्हणाला, धाकूबुवांच्या बारीच्या वेळी लाउडस्पीकरवर त्यांची रेकॉर्ड लावू, लोकांना बरं वाटेल. मी म्हटलं, बाबा रे, रेकॉर्ड घाम पुसत नाही. माझं ऐकून ती एक स्वरही बदलत नाही. तिला मी काय उत्तर देऊ आणि ती मला काय देणार? गंगाराम कोपऱ्यात तंबाखू मळत होता. तो म्हणाला, "बुवा सांगतले तसा."

मग मी सांगितलं. बारी ठरल्याप्रमाणेच होणार. सतरंज्या दोन, समोरासमोर. तुझी पेटी वैनी देणार आहे, ती तुझ्या सतरंजीवर, भाता मोकळा. तुझं मंडळ तुझ्या बाजूला बसेल, झांजा मांडीवर घेऊन. फक्त नाणं उडवायचं नाही. इथे गिरगावकरांना पुन्हा सांगायला हवं: कोणी आधी गायचं हे आम्ही नाण्यावर ठरवतो, आणि दोघांनाही दुसरी बारी हवी असते. कारण पहिला गातो त्याला उत्तर ऐकून घ्यावं लागतं. दुसरा गाऊन झाला की कार्यक्रम संपला, त्याला कोणी उत्तर देत नाही. त्या नाण्यावरून आपण दोघं किती भांडलो! तू एकदा नाणं खोटं आहे म्हणून ते दाताखाली धरून बघितलं होतंस. जिंकलास की मिशीतल्या मिशीत हसायचास, आणि मी हरलो की माझा आवाज पहिल्या अभंगाला मुद्दाम चिडका लागायचा.

या वेळी पहिली बारी मी मागून घेतली आहे. माझी पट्टी सगळ्यांना ठाऊक आहे, काळी चार, आणि अजून ती पोचते याचा मला तोरा आहे. पण ती लावणार नाही. तुझ्या रेकॉर्डच्या खालच्या पट्टीत गाणार, जिथे माझा आवाज परक्याच्या घरात आल्यासारखा हिंडतो. कालपासून रियाज चालू आहे. बायको विचारते, बरं नाही का तुम्हाला? जे काही मला वाटलं ते सगळं त्यात आहे. मी ते इथे लिहिणार नाही, अंकातही नाही आणि तुझ्या फोटोसमोरही नाही. तू समजून घेशील.

माझी बारी झाली की मी भाता मिटेन. मग तुझी बारी. लोकांना सांगून ठेवलंय की कोणी टाळी वाजवायची नाही, कोणी रेकॉर्ड लावायची नाही, कोणाला कामावर जायचं असेल तर त्याने जावं. मी हात जोडून समोर बसेन. तू काय म्हणशील, किती वेळ म्हणशील, ते तुझं तू बघ. त्यावर मला काही बोलता येणार नाही. शेवटचा शब्द तुझा, धाकू. जन्मभर तो मी तुला सुखासुखी कधी दिला नाही.